गेरूची तीन बोटं

१

कल्याणच्या खालच्या आळीत त्या वर्षी एक अजब काम चाललं होतं. दोन माणसं रोज दुपारी रिकाम्या घरांत शिरत, प्रत्येक खोलीच्या मधोमध मातीची एक परळ ठेवत, तिच्यात ओंजळभर खडेमीठ घालत आणि दार ओढून निघून जात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी येऊन परळ उचलत आणि कानाशी नेऊन हलवत. मीठ खडखडलं तर खोली कोरडी. नुसतं सरकलं, बोटाला चिकटलं, तर आणखी आठ दिवस थांबायचं.

श्रावणात पूर आला होता. नदीचं पाणी वरून आणि खाडीची भरती खालून, अशी दोघांची गाठ बंदराकडच्या आळ्यांमध्ये पडली, आणि दोन दिवस पाणी जागचं हललं नाही. ओसरलं तेव्हा जी घरं उभी होती त्यांच्या भिंतींवर कमरेइतक्या उंचीची चिखलाची रेघ राहिली. लोक घाईघाईने आपापल्या घरी परतले. मग ओल्या भिंती अंगावर पडून चार माणसं गेली, तापाने त्याहून जास्त गेली, तेव्हा गावातल्या मदत मंडळींनी नियम केला की घर कोरडं ठरल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही. तोपर्यंत सगळ्यांनी तळ्याकाठच्या धर्मशाळेत राहायचं.

कोरडं कोणतं आणि ओलं कोणतं हे ठरवायला ठाण्याच्या कचेरीतून भाऊ टिपणीस नावाचा कारकून आणला होता. वय पस्तीस, अक्षर सुरेख, स्वभाव पाण्यासारखा पातळ. भाऊला एकच खोड होती. त्याला कुणाला नाही म्हणता येत नसे. त्याची बायको उत्तरा म्हणायची, "उद्या कुणी तुमचं डोकं मागितलं, तर पगडी काढून पुढं वाकाल."

मिठाची युक्ती मात्र भाऊची नव्हती, ती भिवाची. भिवा डोंबिवलीकडच्या खाडीवरचा, जन्मभर मिठागरात राबलेला म्हातारा. पहिल्या दिवशी भाऊ भिंतीला तळहात लावून पाहत होता, तेव्हा हा मागून हसला.

"तुमच्या हाताला नाय कलायचं, भाऊसाहेब. मिठाला कलतं. रातभर मीठ ठेवा घरान, सकाल सांगंल."

भाऊने हसण्यावारी नेलं, पण करून पाहिलं आणि पटलं. मंडळींनाही पटलं. फक्त त्यांनी एक अट घातली. मिठाचा आवाज दोघांनी ऐकायचा, कारकुनाने आणि भिवाने, आणि दोघांची खात्री पटली तरच भाऊने गेरूत बोटं बुडवून दाराच्या उजव्या चौकटीवर तीन रेघा ओढायच्या. गेरूची तीन बोटं दिसली की घरमालकाने बोचकी उचलावीत आणि खुशाल राहायला जावं.

आश्विन लागला, ऊन तापलं. एकेका चौकटीवर गेरू चढत गेला. लोक भाऊला रस्त्यात थांबवून हात जोडत, आणि भाऊला ते आवडे. दिवाळीच्या आत आळी नांदती करायची असं त्याने मनाशी धरलं होतं.

२

आवडाबाईंचं घर आळीच्या टोकाला होतं. पुढं ओटी, मग माजघर आणि मागं एक लहान खोली, एवढंच. आवडाबाई विधवा. मुलगा गोविंदा रेल्वेच्या कामावर घाटात, दरडी उपसायच्या म्हणून त्याला सुट्टी नाही. घरात त्या आणि सून गोदा. गोदाला नववा लागला होता.

"मागची खोली तेवढी द्या हो भाऊराव," आवडाबाई रोज सकाळी धर्मशाळेच्या दारात उभ्या राहून म्हणायच्या. "माझ्या गोविंदाचा जन्म तिथलाच. पोरीला असं चारचौघांत, पडद्याआड बाळंत करू का? आणि ही पटकी! कालपासून तिसऱ्या खणातली दोन माणसं गेली."

"आज मीठ ठेवतो, बाई. उद्या परवा तुमचंच."

ओटी कोरडी निघाली, माजघरही. दोन्ही परळी खणखणीत वाजल्या. भाऊ मागच्या खोलीत गेला आणि परळ उचलायला वाकला, तर तिच्यात मीठ नव्हतं. परळ काठोकाठ पाण्याने भरली होती.

भाऊने आढ्याकडे पाहिलं. कौलं नीट होती, पावसाचा थेंब पडून वीस दिवस झाले होते. भिवा जवळ आला, त्याने बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला.

"काय रे?"

"पानी गोडं हाय."

"मग?"

"भाऊसाहेब, ओंजलभर मीठ इरघललं तं पानी खारं व्हायला पायजे का नको?"

भाऊने स्वतः चाखलं. नदीचं पाणी. तीच चव, थोडी चिखलाची, थोडी शेवाळाची. उंदराने मीठ नेलं असेल, मांजराने परळ चाटली असेल, असं काहीतरी तो बोलला. बोलताना त्याला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. कानाला दडे बसले होते, नदीत बुडी मारली की बसतात तसे. त्याने आवंढा गिळला, जांभई दिली, काही उपयोग झाला नाही. माजघरात पाऊल टाकलं मात्र, दोन्ही कान फट्‌कन मोकळे झाले आणि बाहेरच्या कावळ्यांचा ओरडा एकदम अंगावर आला.

"तुलाही झालं का रे असं?" त्याने विचारलं.

भिवा केव्हाच ओटीवर जाऊन उभा राहिला होता. "मी त्या खोलीन पुन्ना नाय येनार," तो म्हणाला. "बाकी कुठं पन सांगा."

३

भाऊ शिकलेला होता. भिंत मातीची असली की ओल वर चढते, बंद खोलीतली हवा कोंदट होते, कोंदट हवेने कान गच्च होतात. एवढं साधं होतं ते. त्याने दुसऱ्या दिवशी नवी परळ ठेवली, नवं मीठ घातलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, काठोकाठ. पाचव्या दिवशीही.

पण त्याला झोपू न देणारी गोष्ट परळ नव्हती, भिंतीवरची रेघ होती. पहिल्या दिवशी ती सगळ्या आळीसारखी कमरेइतकी होती, याची त्याला पक्की आठवण होती. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या छातीला आली. आपण चुकीचं पाहिलं असेल म्हणून त्याने रेघेवरच गेरूचा एक ठिपका लावला. दुसऱ्या दिवशी ठिपका पुसट झाला होता आणि रेघ त्याच्या वीतभर वर, खांद्यापाशी. चिखल ताजा होता, त्याला वास होता. भाऊने हात लावला तर भिंत कोरडी ठणठणीत, बोटाला साधी धूळ लागली.

ओल चढते, ओल चढते, असं तो स्वतःला बजावत राहिला. आणि कोरड्या भिंतीवरून पुन्हा एकदा हात फिरवला.

त्याच दिवशी त्याला गवताची काडी दिसली. खोलीच्या मधोमध, त्याच्या गळ्याच्या उंचीला, वीतभर लांबीची एक वाळकी काडी अधांतरी होती. सावकाश फिरत होती. कोळ्याचा धागा असेल म्हणून भाऊने तिच्या वर हात फिरवला, मग खाली, मग चहूबाजूंनी. धागा लागला नाही. त्याच्या हाताने मात्र काडी हलली, थोडी डुचमळली आणि भिंतीच्या दिशेने संथपणे निघून गेली.

भाऊ खोलीबाहेर आला तेव्हा त्याला धाप लागली होती. इतका वेळ आपण श्वास रोखून धरला होता, हे त्याला तेव्हा कळलं.

४

धर्मशाळेत गोदाच्या शेजारच्या खणातली बाई सकाळी उठली ती ओकत, आणि दुपारपर्यंत तिला नेलीसुद्धा. ठाण्याहून आलेले डॉक्टर चुन्याची भुकटी टाकून गेले. भाऊ पोचला तेव्हा गोदा खांबाला धरून उभी होती. जमिनीवर बसायची तिला भीती वाटत होती. पोट इतकं खाली आलं होतं की बघवेना.

आवडाबाई आज रडल्या नाहीत, ओरडल्या. "सगळ्या आळीला गेरू लागला, भाऊराव! तेल्याचं घर झालं, नाथा कासाराचं झालं. माझ्याच घराला काय धाड भरली? काय वाईट केलं मी तुमचं?"

"मागच्या खोलीत जरा..." भाऊ अडखळला. काय सांगणार? परळीतलं पाणी गोड लागतं? काडी हवेत राहते?

पदर पुढं ओढून गोदा पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली. "मला पाठ टेकायला भिंत हवी, भाऊराव. एवढीच. रात्रीपासून कळा येऊन जातायत."

भाऊला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला ती खोली, ती रेघ, सगळंच स्वतःच्या मनाचे खेळ वाटले आणि लाज वाटली. इथं डोळ्यांसमोर माणसं मरतायत आणि आपण काडीला घाबरतो.

तो तडक आळीत गेला. भर दुपार होती. मागच्या खोलीत तो शिरला नाही. उंबऱ्याशी वाकून काठीने परळ ओढून घेतली, पाणी माजघराच्या कोपऱ्यात ओतलं, परळ उपरण्याने खसाखसा पुसली आणि कनवटीला बांधून आणलेलं मीठ तिच्यात घातलं. रेघ कुठवर आली ते त्याने पाहिलं नाही. मुद्दाम मान खाली ठेवली.

रस्त्यावर भिवा उभा होता. भाऊने परळ त्याच्या कानाशी नेऊन हलवली. मीठ छान वाजलं.

भिवाने एक खडा उचलून उन्हात धरला. "रात काढलेल्या खड्याची धार मरते," तो हळूच म्हणाला. "ह्ये मीठ आजचं हाय, भाऊसाहेब."

"पोरगी अडलीय, भिवा."

"ते दिसतंय मना." म्हाताऱ्याने खडा परत परळीत टाकला. "तुमी वाजलं म्हनता, तं वाजलं. गेरू तुमचा."

भाऊने बोटं बुडवली आणि चौकटीवर तीन रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवसापासून भिवा कामावर आला नाही. टोपलीभर मीठ तेवढं त्याने भाऊच्या बिऱ्हाडाच्या दारात ठेवलं होतं.

५

काहीही वाईट झालं नाही. त्याच संध्याकाळी सासू-सून घरी गेल्या, सोबतीला सुईण रखमाबाई गेली, आणि दुसऱ्या दिवशी तेल्याच्या हाती निरोप आला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. आवडाबाईंनी बाराव्या दिवशी बारशाला या म्हणून सांगितलं आहे, आल्याशिवाय राहायचं नाही.

भाऊ इतका हलका झाला की त्याने तेल्याला मिठी मारली. अहवाल द्यायला तो ठाण्याला गेला, आठ-दहा दिवस घरी राहिला. उत्तराने बाळाला कुंची शिवून दिली. पण घरात असूनही तो घरात नव्हता. जेवताना मीठ वाढलं की त्याचा हात थांबे. उत्तरा काही बोलली की तो मध्येच कानात बोट घालून हलवे, ऐकू येतंय ना पाही. दिवसातून चारदा आपल्या घराच्या भिंतींवरून त्याची नजर फिरे.

"काय शोधता?" तिने विचारलं.

"ओल," तो म्हणाला आणि हसला.

बाराव्या दिवशी सकाळच्या गाडीने तो कल्याणला उतरला.

६

आळीत दिवाळीची झाडलोट चालली होती. कुणी अंगण सारवत होतं, कुणी भांडी घासत होतं, बायका एकमेकींना हाका मारत होत्या. आवडाबाईंच्या घराकडे मात्र कुणी बघत नव्हतं. नाथा कासाराची बायको भाऊला पाहून अंगणातून आत निघून गेली.

दार सताड उघडं होतं. चौकटीवर गेरूची तीन बोटं होती, पण बाहेरच्या अंगाला लाल, आणि आतल्या अंगाला वळलेली टोकं पार धुऊन गेलेली.

बारशाच्या घरी पाळणा म्हणतात, हसतात, बाळ रडतं. इथं आवाज नव्हता. भाऊ पायरी चढून ओटीच्या दाराशी उभा राहिला आणि त्याच्या कानाला दडे बसले.

आत माजघरात तिघी होत्या. आवडाबाई आणि रखमाबाई पाळण्यापाशी उभ्या होत्या, दोघींची तोंडं गाणं म्हटल्यासारखी हलत होती. गोदा मागच्या भिंतीला पाठ टेकून बसली होती. नहाणं झालेलं असावं, केस मोकळे होते. पण ते तिच्या खांद्यावर पडले नव्हते. डोक्याभोवती पसरले होते आणि हळूहळू झुलत होते.

पाळण्याच्या दोऱ्या सैल होत्या. चारही दोऱ्या कडीपासून खाली येताना मध्येच ढिल्या पडून वाकल्या होत्या, आणि पाळणा तरीही वरच होता.

भाऊ ते पाहत राहिला. रखमाबाईच्या हातातल्या ताटातून एक घुगरी निसटली. ती पडली नाही. इकडे तिकडे होत, सावकाश, खाली खाली गेली. भाऊने मान वर करून रेघ शोधली. माजघराच्या भिंतीवर, पार आढ्यापर्यंत, ती कुठेच नव्हती.

आवडाबाईंचं लक्ष गेलं. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला. ओठ हलले, आणि मग जरा उशिरा शब्द पोचले, जाड आणि लांबून. "आलात भाऊराव! या, या! बघा ना, आळीतल्या बायका ओटीपर्यंत येतात आणि कान धरून परत जातात. माझ्या नातीचं बारसं, आणि कुणी नाही!"

"बाई," भाऊ म्हणाला, "बाहेर या. तिघी बाहेर या. आत्ताच्या आत्ता."

"बाहेर कशाला? बारा दिवसांत उंबरा ओलांडायची गरज पडली नाही बघा. इतकं बरं वाटतंय घरात." त्यांनी पाळण्यातून बाळ उचललं. ते उचलायला त्यांना जोर लागला नाही. "घ्या, पोरीला घ्या. तुमच्यामुळे आपल्या घरात जन्मली."

ओटी ओलांडून त्यांनी दारातून हात पुढं केले. कोपरापर्यंत हात उंबऱ्याबाहेर आले आणि कोपरावरून पाणी ओघळून पायरीवर पडू लागलं. भाऊच्या हातात बाळ आलं. दुपटं निथळत होतं. पोर ऊबदार होती, गोरी, जावळ भरपूर. तिने डोळे उघडून भाऊकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

रडू आलं नाही. तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. छाती आत ओढली गेली, ओठ जांभळे पडू लागले, इवल्या मुठी हवेत काहीतरी शोधू लागल्या. भाऊच्या लक्षात आलं. त्याने बाळ जवळजवळ लोटून आवडाबाईंच्या हातात परत दिलं.

उंबऱ्याच्या आत जाताच पोर शांत झाली. ओठ गुलाबी झाले. तिने एक मोठी जांभई दिली.

"बाहेरचं वारं सोसत नाही तिला अजून," आवडाबाई कौतुकाने म्हणाल्या. "तान्ही आहे ना."

भाऊ मागं सरला. पाठीमागं ऊन होतं, आळी होती, कुणीतरी भांडं आपटलं त्याचा आवाज होता. चार पावलं टाकली असती तर सुटला असता. ठाण्याची गाडी तासाभराने होती. उत्तराने शिवलेली कुंची त्याच्या खांद्यावरच्या पडशीत तशीच होती.

मग गोदाने भिंतीला टेकलेली मान त्याच्याकडे वळवली. केस तिच्यामागून, जरा उशिराने वळले. "भिंत मिळाली, भाऊराव," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत इतकं समाधान होतं की भाऊला रडू फुटलं.

"अहो, दारात काय उभे?" आवडाबाई म्हणाल्या. "कुणीच आलं नाही हो. तुम्ही तरी या. तुमच्याच हाताचं घर हे. पोरीच्या पाळण्याला हात लावा आणि दोन घास खाऊन जा. नाही म्हणू नका."

भाऊने तोंड उघडलं. नाही, एवढाच शब्द होता. त्याने तो जुळवला, ओठांपर्यंत आणला. आतून तिघी त्याच्याकडे बघत होत्या, आणि पाळणा सैल दोऱ्यांखाली हळूहळू झुलत होता.

भाऊने पडशीतून कुंची काढली. पायातल्या वहाणा काढून पायरीवर एका बाजूला नीट ठेवल्या. मग त्याने छाती भरून श्वास घेतला.